कमी पाण्यात, मंद आचेवर: समुद्री शेवाळापासून कॅराजीनन काढण्याची पद्धत

एक लिटर पाणी उकळीपर्यंत तापवायला जेवढी उष्णता लागते, तिच्या साधारण साडेसात पट उष्णता तेच पाणी वाफ करून घालवायला लागते. शेवाळापासून गोठवणारे पदार्थ काढण्याच्या उद्योगात इंधन, पाणी आणि सांडपाणी यांचे जे प्रश्न उभे राहतात, त्यांतील बहुतेकांचे मूळ या एका हिशेबात आहे. शेवाळातील पदार्थ गरम पाण्यात विरघळवला की द्रावणात त्याचे प्रमाण जेमतेम एक-दोन टक्के असते. उरलेले अठ्ठ्याण्णव टक्के पाणी गोठवून, दाबून, अल्कोहोल ओतून किंवा आटवून कसेही काढले, तरी त्याची किंमत मोजावीच लागते. म्हणून या लेखात मी अशी पद्धत सविस्तर मांडत आहे, जिच्यात तो पदार्थ शेवाळाच्या बाहेर काढलाच जात नाही. तो जागेवरच राहतो आणि बाकीचे धुऊन निघते.

आपल्या स्वयंपाकघरात ‘चायना ग्रास’ म्हणून ओळखले जाणारे अगार हे लाल शेवाळापासूनच मिळते. कॅराजीनन हे त्याचे जवळचे भावंड आहे. आइस्क्रीम, चॉकलेट दूध, टूथपेस्ट आणि पाळीव प्राण्यांचे डबाबंद खाद्य यांत ते वापरले जाते. तिसरा पदार्थ म्हणजे अल्जिनेट. ते सरगॅसमसारख्या तपकिरी शेवाळापासून काढतात आणि त्यासाठी आम्ल, सोडा व पुन्हा आम्ल किंवा कॅल्शियम अशा अनेक टप्प्यांतून जावे लागते. लहान गटाने हाती घेण्याजोगे आणि भारतात लागवडीचे शेवाळ सहज मिळते असे यांत एकच, ते म्हणजे कप्पाफायकस अल्व्हारेझी या लाल शेवाळापासूनचे कॅराजीनन. पुढील सर्व पायऱ्या त्याच्याच आहेत.

शेवाळ कुठले आणि कुठून घ्यायचे

हा निर्णय चूल पेटवण्याच्या कितीतरी आधी होतो, आणि माझ्या मते पर्यावरणाच्या दृष्टीने सर्वांत मोठा निर्णय हाच आहे.

अगारसाठी लागणारे जेलिडिएला हे लाल शेवाळ मन्नारच्या आखातात खडकांवर आणि मृत प्रवाळांवर नैसर्गिकरीत्या वाढते. तमिळनाडूच्या रामनाथपुरम जिल्ह्यातील पांबन, रामेश्वरम परिसरातल्या स्त्रिया पिढ्यान्‌पिढ्या बुड्या मारून ते हाताने खुडत आल्या आहेत. हे शेवाळ हळू वाढते. मुळासकट ओरबाडले, तर ती जागा पुन्हा भरायला फार वेळ लागतो. चिन्नपालमच्या लक्ष्मी मूर्ती यांनी इतर स्त्रियांना बरोबर घेऊन महिन्यातील बाराच दिवस शेवाळ काढायचे आणि खरवडण्यासाठी धातूची हत्यारे वापरायची नाहीत हा नियम घालून घेतला. या कामासाठी २०१५ मध्ये त्यांना बेटांवरील निसर्गसंवर्धनासाठी दिले जाणारे सीकॉलॉजी पारितोषिक मिळाले. जंगली शेवाळ घेणारच असाल, तर असे नियम पाळणाऱ्या गटाकडूनच घ्यावे आणि त्या नियमांची किंमत दरात मोजावी.

कप्पाफायकसचे तसे नाही. ते बांबूच्या तराफ्यांवर दोरीला बांधून वाढवले जाते आणि सुमारे ४५ दिवसांत कापणीला येते. मूळचे फिलिपिन्सच्या परिसरातले हे शेवाळ भावनगरच्या केंद्रीय मीठ व सागरी रसायन संशोधन संस्थेने १९८०च्या दशकात भारतात आणले. त्यामुळे जंगली शेवाळावरचा ताण कमी होतो हे खरे, पण या शेवाळाचा एक धोका स्पष्टपणे सांगितला पाहिजे. याचा तुटलेला लहानसा तुकडाही नव्याने वाढू शकतो. २००८ मध्ये कुरुसडै बेटाजवळ ते जिवंत प्रवाळांवर पसरल्याची नोंद प्रसिद्ध झाली. मन्नारच्या आखातातील एकवीस बेटे १९८६पासून सागरी राष्ट्रीय उद्यान आहेत, आणि तमिळनाडू सरकारने २००५ मध्येच या लागवडीच्या क्षेत्रावर मर्यादा घातली होती. तेव्हा परवानगी असलेल्या क्षेत्रातीलच माल घ्यावा. ओले शेवाळ दुसऱ्या किनाऱ्यावर कधीही नेऊ नये आणि धुताना निघालेला कचरा समुद्रात टाकू नये. कोकणातल्या वाचकांना मी विशेष आग्रहाने सांगतो की हौसेखातर ओले बियाणे आणून मालवण किंवा रत्नागिरीच्या खाडीत सोडणे हा प्रयोग नव्हे. तिथे आपली स्वतःची ग्रॅसिलेरिया, सरगॅसम अशी शेवाळे आहेत, आणि मालवणला १९८७पासून सागरी अभयारण्य आहे. कोकणात बसून हे काम करायचे असेल, तर पूर्ण वाळलेला माल मागवावा.

माल पाहताना तीन गोष्टी तपासाव्यात. लागवडीनंतर सहा आठवडे पूर्ण होण्याआधी कापणी झालेली नसावी, कारण कोवळ्या शेवाळाची जेली कमजोर निघते. फांद्यांची टोके पांढरी पडून गळालेली नसावीत, कारण पाणी तापले किंवा त्याचा खारटपणा घटला की ‘आइस-आइस’ नावाचा हा विकार दिसतो. आणि माल वाळूवर नव्हे, तर उंच मांडवावर जाळी अंथरून वाळवलेला असावा. वाळूवर वाळवलेला माल स्वस्त पडतो, पण ती वाळू धुवायला गोडे पाणी लागते, आणि रामनाथपुरमसारख्या कोरड्या जिल्ह्यात गोडे पाणीच सर्वांत महाग आहे.

ताजे शेवाळ मिळत असेल तर: आधी रस

लागवडीच्या जागेजवळ काम करणाऱ्यांसाठी एक पायरी आधीची आहे, आणि ती शक्य असेल तर मुळीच गाळू नये. ताज्या कप्पाफायकसमध्ये सुमारे नव्वद टक्के पाणी असते. नेहमीच्या पद्धतीत हे पाणी उन्हात उडून जाते आणि त्यातले पोटॅशियम क्लोराइड वाळलेल्या फांद्यांवर पांढऱ्या मिठासारखे उमटून झटकले जाते. भावनगरच्या संस्थेने ताजे शेवाळ दळून आधी रस काढायचा आणि उरलेल्या चोथ्यातून कॅराजीनन काढायचे अशी जोड पद्धत विकसित केली. तिचे अमेरिकी पेटंट २००५ मध्ये मिळाले. या रसात पोटॅशियम भरपूर असते, शिवाय वाढीला चालना देणारे घटकही असतात, आणि तो पिकांवर फवारता येतो.

त्यासाठी ताजे शेवाळ प्रथम समुद्राच्याच पाण्यात खळबळून घ्यावे, चिकटलेले शिंपले, दोरीचे धागे आणि इतर शेवाळ हाताने वेचून काढावे. मग मिक्सरमध्ये किंवा दळणयंत्रात पाणी न घालता वाटावे आणि मलमलीच्या दुहेरी कापडातून दाबून गाळावे. वजनाच्या निम्म्याहून अधिक रस निघतो. तो एक-दोन दिवसांतच वापरावा, कारण नंतर त्याला दुर्गंधी सुटते. फवारणीसाठी सुरुवातीला पाच लिटर रसात ९५ लिटर पाणी घालावे आणि आधी चार-दोन ओळींवरच करून पाहावे. कोरडवाहू सोयाबीनवरच्या एका चाचणीत १५ टक्के द्रावणाच्या फवारणीने धान्याचे उत्पादन ५७ टक्के वाढल्याचे २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. विदर्भ-मराठवाड्यातील सोयाबीनकऱ्यांना हा आकडा मोहात पाडणारा आहे. पण ती एका ठिकाणची चाचणी होती. आपल्या शेतात तेवढीच वाढ होईल असे धरून रसावर खर्च करू नये.

उरलेला चोथा पातळ पसरून वाळवावा. अर्धे पाणी आधीच गेलेले असल्याने तो लवकर वाळतो आणि वाहतुकीलाही हलका पडतो.

क्षारात शिजवणे

आता मुख्य पायरी. ती समजण्यासाठी आत काय घडते हे थोडक्यात पाहू. कॅराजीनन ही गॅलॅक्टोज साखरेची लांब साखळी असते आणि तिच्यावर ठिकठिकाणी सल्फेटचे गट लटकलेले असतात. त्यांतले काही गट साखळीला वाकडी करतात आणि त्यामुळे दोन साखळ्या एकमेकींभोवती नीट पिळल्या जात नाहीत. गरम क्षारात, म्हणजे अल्कलीच्या द्रावणात, हे नको असलेले सल्फेट गळून पडतात आणि त्या जागी साखरेच्या कड्यात एक आतला पूल तयार होतो. साखळी सरळ होते आणि जेली घट्ट बसते. हे काम कॉस्टिक सोड्यानेही होते, पण त्यात शेवाळ विरघळू लागते. पोटॅशियम मात्र कप्पाफायकसमधल्या, म्हणजे कप्पा जातीच्या कॅराजीननला घट्ट धरून ठेवते, म्हणून कॉस्टिक पोटॅशच्या, म्हणजे पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात शेवाळ मऊ झाले तरी विरघळत नाही. प्रथिने, रंग, लवणे असे बरेच काही बाहेर पडते, कॅराजीनन आणि थोडे सेल्युलोज आत राहते. अशा मालाला अर्धशुद्ध कॅराजीनन म्हणतात.

कॉस्टिक पोटॅश सोड्यापेक्षा महाग आहे. तरीही मी त्याचाच आग्रह धरतो, आणि त्याचे कारण सांडपाणी. सोडियम जमिनीत साचले की जमीन चोपण होते. पोटॅशियम मात्र पिकाचे अन्न आहे. कारखान्याच्या दृष्टीने जी घाण, ती योग्य क्षार निवडल्याने खताचा कच्चा माल होऊ शकते. हा फरक सोड्याच्या दरातील बचतीने भरून निघत नाही.

दहा किलो स्वच्छ वाळलेल्या शेवाळासाठी शंभर लिटर द्रावण आणि दीडशे लिटरचे स्टेनलेस स्टीलचे भांडे घ्यावे. ॲल्युमिनियमचे भांडे अजिबात वापरू नये. क्षार त्याला खातो आणि ज्वालाग्राही हायड्रोजन बाहेर पडतो. द्रावणाचे प्रमाण सहा ते दहा टक्क्यांच्या दरम्यान चालते, मी आठ टक्के धरतो. बाजारातल्या कॉस्टिक पोटॅशच्या पापुद्र्यांत साधारण दहावा हिस्सा पाणीच असते, म्हणून आठ किलोऐवजी नऊ किलो मोजावे. पापुद्रे थोडे थोडे करून थंड पाण्यात टाकावेत, पापुद्र्यांवर पाणी कधीही ओतू नये. द्रावण आपोआप बरेच तापते. डोळ्यांना बंद चष्मा, कोपरापर्यंत रबरी हातमोजे, पायांत गमबूट आणि जवळ वाहत्या पाण्याचा नळ एवढ्या गोष्टी नसतील, तर काम सुरू करू नये. अंगावर किंवा डोळ्यांत उडाल्यास पंधरा मिनिटांहून जास्त वेळ नुसत्या पाण्याने धुवावे आणि लगेच डॉक्टरकडे जावे. त्यावर लिंबू किंवा व्हिनेगर लावू नये.

शेवाळ जाळीच्या स्टीलच्या टोपलीत भरून द्रावणात बुडवावे. रस काढलेला चोथा बारीक असल्याने तो जाड कापडाच्या पिशवीत बांधावा, नाहीतर निम्मा माल जाळीतून निसटेल. तापमान ७५ अंश सेल्सिअसच्या आसपास दोन तास राहिले पाहिजे. त्याहून फार वर गेले, तर पोटॅशियम असूनही माल सुटू लागतो, म्हणून थर्मामीटर हवाच.

शंभर लिटर पाणी २८ अंशांवरून ७५ अंशांवर न्यायला सुमारे साडेपाच युनिट विजेइतकी उष्णता लागते. छतावरचा सौर बंब पाणी साठ अंशांपर्यंत सहज देतो आणि पापुद्रे विरघळताना द्रावण आणखी तापते. म्हणून सौर बंबाचे पाणी वापरायचे असेल, तर पापुद्रे आधी थोड्या थंड पाण्यात विरघळवून मग त्यात ते गरम पाणी हळूहळू मिसळावे, थेट गरम पाण्यात पापुद्रे टाकू नयेत, द्रावण उसळते. ७७-७८ अंश झाले की आच बंद करावी, झाकण लावावे आणि भांडे भाताच्या तुसाने किंवा गवताने भरलेल्या पेटीत ठेवावे. शंभर लिटरचा साठा असल्याने दोन तासांत तापमान थोडेच उतरते. सरपण जवळजवळ लागत नाही.

क्षार परत वापरणे आणि उलट्या क्रमाने धुणे

टोपली उचलून तासभर निथळू द्यावी. खाली साठलेले तपकिरी द्रावण फेकू नये. त्यात अजून बराच क्षार शिल्लक असतो. किती आहे ते मोजण्याची सोपी पद्धत अशी: दहा मि.लि. द्रावणात फिनॉल्फ्थॅलीनचे, म्हणजे क्षारात गुलाबी होणाऱ्या दर्शकाचे, दोन थेंब टाकावेत आणि एक नॉर्मल तीव्रतेचे हायड्रोक्लोरिक आम्ल थेंब थेंब घालत गुलाबी रंग जाईपर्यंत मोजावे. आठ टक्क्यांच्या ताज्या द्रावणाला सुमारे १४.३ मि.लि. आम्ल लागते. दहा मि.लि. लागले, तर क्षार ५.६ टक्के उरला आहे, म्हणजे शंभर लिटर द्रावणासाठी साधारण पावणेतीन किलो पापुद्रे घातले की ते पुन्हा पूर्ववत होते. द्रावण फार काळे आणि चिकट होईपर्यंत असे अनेक घाण, म्हणजे शेवाळ शिजवण्याच्या खेपा, काढता येतात.

धुण्याच्या पायरीत मी सर्वांत जास्त पाणी वाया गेलेले पाहतो, म्हणून तिच्यावर थोडे थांबतो. प्रत्येक घाणाला तीन वेळा ताज्या पाण्याने धुतले, तर तीनशे लिटर पाणी जाते. त्याऐवजी तीन टाक्या ओळीने ठेवाव्यात. शेवाळ पहिल्या टाकीकडून तिसरीकडे जाते, पाणी तिसरीकडून पहिलीकडे. म्हणजे ताजे पाणी फक्त तिसऱ्या टाकीत भरायचे, एका घाणानंतर तेच दुसऱ्या टाकीत न्यायचे, मग पहिल्या टाकीत, आणि पहिल्या टाकीतले क्षारयुक्त पाणी पुढच्या घाणाचे द्रावण भरून काढायला घ्यायचे. ताजे पाणी शंभर लिटरच लागते आणि धुतलेला क्षारही परत मिळतो. प्रत्येक टाकीत वीस ते तीस मिनिटे मधून मधून हलवत ठेवावे. पाणी थंडच असावे, गरम पाण्याने कॅराजीनन विरघळते.

शेवटच्या पाण्याचा पीएच पट्टीवर आठ ते नऊच्या दरम्यान आला की थांबावे. अजून स्वच्छ करण्याच्या नादात धूत राहिले, तर पोटॅशियम निघून जाते, फांद्या फुगून बुळबुळीत होतात आणि माल पाण्याबरोबर वाहून जातो. पांढरेशुभ्र करण्यासाठी क्लोरीनचे ब्लीच वापरू नये. सेंद्रिय पदार्थांशी त्याचे घातक संयुगे बनतात, आणि पावडर किंचित बदामी राहिली म्हणून जेलीत काही कमी होत नाही.

मग दोन-तीन सेंटिमीटरचे तुकडे करून जाळीवर पातळ पसरावे. वरून पातळ पांढरे कापड घातले तर धूळ बसत नाही. तुकडा वाकवल्यावर कटकन तुटला की वाळले असे समजावे. साध्या चक्कीत दळून बारीक चाळणीने चाळावे आणि हवाबंद डब्यात भरावे. वाळलेल्या शेवाळाच्या चौथा ते तिसरा हिस्सा एवढी पावडर मिळते. ती खाण्यासाठी विकू नये. अन्नात वापरायचे अर्धशुद्ध कॅराजीनन आयएनएस ४०७ए या वर्गात येते आणि त्यासाठी जड धातू, जिवाणूसंख्या व इतर कसोट्यांची प्रयोगशाळेतली तपासणी आणि अन्न परवाना लागतो. हवेत सुगंध सोडणारी जेली, रोपवाटिका आणि शाळा-महाविद्यालयांतील प्रात्यक्षिके यांसाठी ही पावडर उत्तम चालते.

उरलेल्या द्रावणाचे काय

शेवटी निरुपयोगी झालेले द्रावण गटारात, ओढ्यात किंवा समुद्रात सोडणे म्हणजे इथवर केलेल्या सर्व काळजीवर पाणी टाकणे होय. ते फॉस्फोरिक आम्लाने शांत करावे. त्यातून पोटॅशियम फॉस्फेट तयार होते आणि तेही खतच आहे. उरलेल्या प्रत्येक किलो कॉस्टिक पोटॅशसाठी ८५ टक्के तीव्रतेचे सुमारे सव्वा किलो आम्ल घातले की पीएच साडेसातच्या आसपास येतो. वर सांगितलेल्या मोजणीतून क्षार किती उरला ते आधीच कळलेले असते. आम्ल हळूहळू, हलवत घालावे, कारण उष्णता निर्माण होते. शांत झालेले द्रावण गाळावे. गाळ कंपोस्टमध्ये जातो. द्रावण मात्र जपून वापरावे, कारण त्यात क्लोराइड आणि इतर लवणेही असतात. निदान पन्नास पट पाण्यात मिसळून नारळाच्या आळ्यात द्यावे, आधीच खारवट असलेल्या जमिनीत देऊ नये, आणि वर्षातून एकदा माती परीक्षण करून घ्यावे.

जेली मोजणे

पावडर चांगली झाली की नाही हे चमच्याने दाबून ठरवू नये. अर्धा लिटर पाण्यात साडेसात ग्रॅम पावडर आणि एक ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड घालून ८० अंशांवर पंधरा मिनिटे ढवळावे, सपाट भांड्यात ओतून झाकून रात्रभर ठेवावे. सकाळी ते भांडे स्वयंपाकघरातल्या इलेक्ट्रॉनिक वजनकाट्यावर ठेवून काटा शून्य करावा आणि बरोबर एक चौरस सेंटिमीटर तोंडाची सपाट काडी जेलीवर सावकाश दाबावी. जेली फाटते त्या क्षणी काट्यावर दिसलेले ग्रॅम म्हणजे तिची ताकद. प्रत्येक घाणाची ताकद, लागलेले ताजे पाणी, घातलेले पापुद्रे आणि जळलेले इंधन एकाच वहीत शेजारी शेजारी लिहावे. ताकद एकदम घसरली, तर आधी तापमानाच्या नोंदी पाहाव्यात, नंतर क्षाराच्या, आणि त्या ठीक असतील, तर शेवाळ ज्या तराफ्यावरून आले तिथल्या माणसांना विचारावे की कापणी किती दिवसांनी केली होती.